अकराची साखर

घड्याळकाकांची साखर पडली नाही, म्हणून पावणेबाराला तळघरातला फोन वाजला.

"डासताई, तुमचं मशीन बिघडलंय," तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर म्हणाली. "सहा नंबरची साखर पंच्याण्णव दाखवतंय."

"पंच्याण्णव चांगली असते, सिस्टर."

"इतरांना असते. यांना नाही. यांची अकरा वाजता चाळीस असते."

डासताईने नमुना पुन्हा लावला. पंच्याण्णव. तिसऱ्यांदा लावला. चौऱ्याण्णव. मशीन ठणठणीत होतं. म्हणजे माणूसही ठणठणीत होता, आणि नेमकं हेच कुणाला पटत नव्हतं.

रुग्णालयाची प्रयोगशाळा तळघरात होती. खिडकी नव्हती. एक कॅलेंडर होतं, त्यावर खिडकीचं चित्र होतं. डासताई रोज वर जाऊन लोकांची रक्तं काढायची आणि खाली येऊन ती तपासायची. वॉर्डाने तिला डासताई म्हणायला सुरुवात केली तेव्हा तिने तक्रार केली नाही. तिच्या आधीच्या माणसाला जळू म्हणत.

घड्याळकाका घड्याळं दुरुस्त करायचे. दोन आठवड्यांपूर्वी पित्ताशयातल्या खड्यासाठी आले होते. तेव्हा त्यांच्या यकृताची एन्झाइम्स पार डोक्यावर बसली होती. पित्ताशय काढलं आणि चौथ्या दिवशी सगळी एन्झाइम्स गुमान खाली उतरली. घरी जायचा कागद तयार झाला. काकांनी शर्ट घातला, बटणं लावली, आणि अकरा वाजता घामाने डबडबून शर्टासकट आडवे झाले. साखर अडतीस.

ग्लुकोज चढवलं, शुद्धीवर आले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मग संशयितांची धरपकड झाली. आधी कॉर्टिसोलला पकडलं, कारण ते कमी झालं की साखर घसरते. ते पुरेसं निघालं, सोडून दिलं. थायरॉइडचा जबाब घेतला, तोही निर्दोष. यकृताच्या एन्झाइम्सना परत बोलावलं, त्यांनी हात वर केले. राहिलं इन्सुलिन. ते दुप्पट सापडलं.

इन्सुलिन म्हटल्यावर मोठ्या डॉक्टरांनी घड्याळकाकांच्या बायकोकडे पाहिलं. तिची पिशवी उपसली. सुई निघाली, पण स्वेटर विणायची. तरी काकूंना वॉर्डाबाहेर काढलं, दाराशी रखवालदार बसवला आणि काकांचं कपाट रिकामं केलं. त्यानंतर डासताईने सी-पेप्टाइड मोजलं.

सिनेमाच्या दारावरचा माणूस तिकीट फाडून अर्धा तुकडा स्वतःजवळ ठेवतो, तसं आपलं स्वादुपिंड इन्सुलिन आत सोडताना एक तुकडा फाडून रक्तात टाकतं. तो तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. सुईने टोचलेलं इन्सुलिन मागच्या दाराने येतं, त्याचा तुकडा सापडत नाही. घड्याळकाकांच्या रक्तात तुकड्यांचा नुसता खच पडला होता.

म्हणजे काकू सुटल्या आणि काका अडकले. इन्सुलिन त्यांचंच होतं.

डॉक्टरांनी खात्रीसाठी उपास करवला. दोन दिवस पोटात काही नाही. पाणी, आणि फार तर सकाळी साडेनऊला बिनसाखरेचा कोरा चहा, तेवढा नियमात बसतो. दोन्ही दिवस अकरा वाजता साखर पडली. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, पण स्वादुपिंडातली गाठ मोहरीएवढी असली तर दिसतही नाही. काल संध्याकाळी डॉक्टरांनी पलंगाशी उभं राहून निकाल सांगितला: अर्धं स्वादुपिंड काढायचं. उद्या सकाळी आठ वाजता.

आणि आज साखर पडली नव्हती.

डासताईने डॉक्टरांना फोन लावला.

"सर, सहा नंबर आज पंच्याण्णव आहे."

"अशा गाठी लहरी असतात. कधी इन्सुलिन सोडतात, कधी नाही."

"पण सर, गाठ नसलीच तर?"

"तर अर्धं स्वादुपिंड फुकट जाईल, आणि हा माणूस आयुष्यभर मधुमेह घेऊन फिरेल. म्हणून मी दहा दिवस तपासण्या केल्या. त्या तुम्हीच केल्यात."

"चार दिवस थांबता येईल?"

"कारण द्या, थांबतो. उद्याची यादी चारला बंद होते. 'मला कसंसंच वाटतंय' हे कारण धरत नाही."

डासताईला कसंसंच वाटत होतं. तिने रक्ताच्या नळ्यांचा डबा उचलला, म्हणजे वर जायला निमित्त झालं.

*

वॉर्डाच्या दाराशी, बाकावर, काकू स्वेटर विणत होत्या. सात दिवसांत त्यांनी पाठ, पोट आणि दीड बाही संपवली होती.

"आत सोडत नाहीत अजून?" डासताईने विचारलं.

"सुटले म्हणतात मी. पण रखवालदाराला कुणी लेखी दिलेलं नाही." काकूंनी सुईनेच रखवालदाराकडे दाखवलं. "त्याच्या मापाचाच विणतेय आता. यांना येईल का घालता, कुणास ठाऊक."

"काकू, घरी त्यांना कधी अशी चक्कर?"

"चाळीस वर्षांत एकदा आली. लग्नात. मांडवात धूर झाला होता." त्यांनी टाका मोजला. "तू रोज त्यांना बघतेस. माझ्यापेक्षा जास्त. खरं सांग, त्यांच्यात गाठ आहे का गं?"

 डासताईने दार ढकललं.

कोपऱ्यातल्या खोलीत दोनच पलंग होते. खिडकी एक, तीही रंगाने चिकटून कायमची बंद. सहा नंबर खिडकीशी घड्याळकाकांचा. पाच नंबर दाराशी, त्यावर लिफ्टकाका. यांनी तीस वर्षं लिफ्ट चालवली, जिन्याची पायरी म्हणून चढले नाहीत, आणि निवृत्तीनंतर स्टुलावरून पडून मांडीचं हाड मोडून घेतलं. हृदय कच्चं म्हणून ऑपरेशन नाही. पाच आठवडे पायाला दोरी, दोरी चाकावरून, आणि टोकाला साडेचार किलोचं वजन. पाठ खाजवायची तरी सिस्टरला हाक मारावी लागे.

आताही तेच चाललं होतं.

"सिस्टर, थोडी पावडर द्या हो. पाठ पेटली."

"वॉर्डात पावडर चालत नाही, शंभरदा सांगितलं," सिस्टर म्हणाली. "पाच आठवड्यांत एक चिमूट दिली का मी? मग कशाला विचारता?"

"बोलायला काहीतरी विषय हवा."

डासताई दोघांच्या मधे उभी राहिली.

"लिफ्टकाका, तुम्हाला एक बातमी. तुमची साखर आज एकशे अडतीस. दहा दिवसांत एखादा दिवस सोडला तर दोनशेवीसच्या खाली यायला तयार नव्हती."

"असं का?" लिफ्टकाका म्हणाले. आनंद झालेला दिसला नाही. "मग यांचं ऑपरेशन रद्द का?"

"यांची वेगळी, तुमची वेगळी."

"हो. ते झालंच." त्यांनी छताकडे पाहिलं.

घड्याळकाका मांडीवर रुमाल पसरून एका जुन्या मनगटी घड्याळाशी खेळत होते. हातात चिमटा. उद्या पोट फाडून घ्यायचं आहे असं त्यांच्याकडे बघून वाटत नव्हतं.

"काका, तुम्हाला काही प्रश्न विचारू?"

"विचार. रक्त सोडून काहीही माग."

"या दहा दिवसांत, आजचा सोडून, कधी साखर पडली नाही असं झालं?"

"एकदा. मंगळवारी."

"त्या दिवशी काय वेगळं होतं?"

"काहीच नाही. कंटाळा आला. यांना सकाळीच एक्स-रेला नेलं होतं. जेवणापर्यंत बोलायला माणूस नाही."

"खाण्यात? औषधात?"

"औषध मला नाहीच कुठलं. खाणं रोजचंच. चहा रोजच्यासारखा कडू."

"चहा कडू नसतो," लिफ्टकाका म्हणाले. "छान असतो. तुमची जीभ खराब."

"माझी जीभ काढा ते अर्धं काढताना," घड्याळकाका म्हणाले आणि घड्याळ उलटं करून रुमालावर आपटलं. "हे बघ, यांचं घड्याळ. रोज दुरुस्त करून देतो, रोज सकाळी बंद. पट्ट्याच्या फटीत रोज पांढरी पावडर. अहो, एवढी पावडर लावता तरी कुठे?"

लिफ्टकाका दोरीचं चाक निरखायला लागले.

डासताईने घड्याळ हातात घेतलं. स्टीलचं, जाडजूड, बत्त्यासारखं जड. किल्लीची चकती बाहेर ओढलेली होती.

तेवढ्यात चहावाल्या मावशी आल्या. त्यांची गाडी नेहमीप्रमाणे लिफ्टकाकांच्या लोंबत्या वजनाशी येऊन अडकली. पुढे जायला वाट नव्हती. लिफ्टकाकांनी हात लांबवून दोन्ही कप घेतले, आपल्या टेबलावर ठेवले, आणि मग एक घड्याळकाकांकडे पोचवला.

"तीस वर्षं लोकांना पोचवायचंच काम केलंय," ते म्हणाले.

घड्याळकाकांनी घोट घेतला. "आज बरा आहे चहा. सकाळीही बरा होता."

डासताई दाराकडे निघाली. सिस्टर औषधांच्या ट्रेशी होती.

"सिस्टर, लिफ्टकाकांना साखरेचं काय देता?"

"सकाळी नऊला एक गोळी. पांढरी. हातावर ठेवते, पाण्याचा ग्लास देते, पुढच्या खोलीत जाते. का?"

"गिळताना बघता?"

"चौदा पेशंट आहेत मला. प्रत्येकाचा घसा बघत बसू?"

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी एक्स-रेवाले स्ट्रेचर घेऊन उभे. म्हटलं, आधी गोळी घ्या, मग जा. माझ्यासमोर गिळली." सिस्टरने ट्रे खाली ठेवला. "काय झालं?"

"अजून काही नाही," डासताई म्हणाली आणि जिन्याने धावत खाली गेली. लिफ्ट आली असती, पण लिफ्टमध्ये माणूस नुसता उभा राहतो.

*

प्रयोगशाळेचा एक नियम होता. तपासून उरलेलं रक्त सात दिवस फेकायचं नाही. कुणी भांडायला आलं तर पुरावा हवा. फ्रिजमध्ये प्रत्येक दिवसाचा एक स्टँड, पलंगाच्या क्रमाने नळ्या. पाच नंबरच्या शेजारी सहा नंबर, सातही दिवस. वर एकमेकांशेजारी, खालीही.

डासताईने नळ्या बाहेर काढल्या आणि त्यांच्यासमोर आकडे लिहिले. नंतर बराच वेळ ती कॅलेंडरवरच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली.

साडेतीन वाजले होते.

*

चारला दहा मिनिटं कमी असताना कोपऱ्यातल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मोठे डॉक्टर घड्याळ बघत उभे होते. सिस्टर होती. काकू होत्या, कारण डासताईने रखवालदाराला लेखी दिलं होतं. एका रिकाम्या रिपोर्टवर, पण शिक्का खरा होता.

"बोला," डॉक्टर म्हणाले.

"सर, काकांचं इन्सुलिन त्यांच्याच स्वादुपिंडातून येतं, हे बरोबर. टोचलेलं नाही. म्हणून आपण गाठ धरली. पण स्वादुपिंडाला मागून कुणी ढोसलं तरी ते हेच करतं. मधुमेहाच्या काही गोळ्या तेच काम करतात. तिकिटाचे तुकडेही पडतात, इन्सुलिनही वाढतं. रिपोर्ट हुबेहूब गाठीसारखा."

"मला माहीत आहे. म्हणूनच कपाट तपासलं. पिशवी तपासली. बाईंना बाहेर काढलं, तरी साखर पडत राहिली. बाहेरून गोळी येणार कुठून?"

"बाहेरून नाही आली. ती रोज सकाळी नऊ वाजता सिस्टरच्या ट्रेमधून या खोलीत येते. फक्त दुसऱ्या पलंगावर."

 वजनाची दोरी जराशी करकरली.

"मी दोघांचं रक्त एकाच फेरीत काढते," डासताई म्हणाली. "पण दोघांचे आकडे कधी एका कागदावर मांडले नव्हते. यांची फाइल तुमच्याकडे येते, लिफ्टकाकांची हाडांच्या डॉक्टरांकडे जाते. आज मांडले. ज्या दिवशी सहा नंबर चाळीस, त्या दिवशी पाच नंबर दोनशेवीस. रोज. मंगळवारी सिस्टरने गोळी समोर गिळायला लावली. पाच नंबर एकशे चाळीस, सहा नंबर ब्याण्णव. आणि आज पाच नंबर एकशे अडतीस, सहा नंबर पंच्याण्णव. एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात जात होती, सर."

"पण कशी?" डॉक्टरांनी विचारलं. "हा माणूस पलंगावरून उतरू शकत नाही."

"उतरायची गरजच नाही. चहाची गाडी यांच्या वजनाशी अडते. सहा नंबरचा प्रत्येक कप यांच्या हातातून जातो. उपासाच्या दोन दिवसांतला कोरा चहासुद्धा." तिने ते जड घड्याळ उचललं. "गोळी टेबलावर ठेवायची, हे घड्याळ वर ठेवून दाबायचं. पट्ट्यात जी पावडर अडकते ती पाठीला लावायची नाही. सिस्टरनी पाच आठवड्यांत एक चिमूट दिलेली नाही."

एरवी अशा वेळी गुन्हेगार दाराकडे धाव घेतो. या गुन्हेगाराच्या पायाला साडेचार किलो वजन टांगलेलं होतं. त्यांनी फक्त मान भिंतीकडे वळवली. तेवढंच त्यांना जमण्यासारखं होतं.

"का हो?" काकूंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच वाईट वाटला. "यांनी काय केलं होतं तुमचं?"

लिफ्टकाका भिंतीशी बोलले. "माणूस लिफ्टमध्ये येतो, दाराकडे तोंड करून उभा राहतो आणि उतरतो. तीस वर्षं मी लोकांच्या माना पाहिल्या. मागून. या पलंगावर पाच आठवड्यांत सात जण आले. सहा उतरले. हे पहिलेच, माझ्याकडे तोंड करून बसायचे." त्यांनी चादर सारखी केली. "त्या दिवशी यांनी शर्ट घातला. म्हटलं, थोडी चक्कर येईल, दोन दिवस राहतील. मग दोनाचे चार झाले."

"माणूस मेला असता," डॉक्टर म्हणाले.

"ते मला कळत नव्हतं. गोळी मी स्वतः बारा वर्षं खातोय, मी कुठे मेलो? काल तुम्ही कापायचं म्हणालात तेव्हा कळलं. आज मी माझी गोळी गिळली."

"मग बोलला का नाहीत? उद्या आठला ऑपरेशन होतं."

"वाटलं, साखर पडली नाही म्हटल्यावर तुम्ही आपोआप सोडाल. माणूस बरा झाला तरी तुम्ही ऐकत नाही, हे मला काय ठाऊक."

 डॉक्टरांनी फोन काढला आणि यादीतून एक नाव कमी केलं. तीन वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती. मग डासताईला म्हणाले, "फ्रिजमधले नमुने बाहेरच्या लॅबला पाठवा, गोळीचा अंश शोधायला. दहा दिवस लागतील, पण मला कागद हवा." आणि लिफ्टकाकांना, "पोलिसांत कळवावं लागेल."

"कळवा. मी इथेच आहे."

 घड्याळकाकांनी डासताईकडे हात पुढे केला. तिने घड्याळ दिलं. त्यांनी अंगठ्याने चकती आत दाबली. घड्याळ चालायला लागलं.

"हे कधी बिघडलंच नव्हतं," ते लिफ्टकाकांना म्हणाले. "रोज सकाळी तुम्ही चकती ओढून ठेवायचात. पहिल्या दिवसापासून दिसत होतं मला. चाळीस वर्षांचा धंदा आहे."

"मग रोज उघडत का बसायचात?"

"तुम्हाला बोलायचं असायचं. मलाही असायचं." त्यांनी रुमालाची घडी घातली. "नुसतं 'थांबा' म्हणाला असतात तर तास-दोन तास थांबलो असतो की. चहात कालवायची काय गरज होती?"

काकूंनी त्यांचा शर्ट आणला. काकांनी बटणं लावली. मग सगळे जण, डॉक्टरसुद्धा, जागच्या जागी थांबून त्यांच्याकडे बघत राहिले. पाच मिनिटं गेली. काका उभेच होते.

"मला घरी जायचंय," ते म्हणाले. "बघून झालं असेल तर."

"एक रात्र नजरेखाली," डॉक्टर म्हणाले. "खालच्या मजल्यावर. चहा बंद."

दाराशी पोचल्यावर घड्याळकाका वळले. लिफ्टकाकांचं तोंड अजून भिंतीकडे होतं. काकांनी ते घड्याळ खिशात टाकलं, आणि चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले त्याच सुरात म्हणाले,

"साफ करून घ्यावं लागेल, आत पावडर गेलीय. गुरुवारी चारला घेऊन येतो."

लिफ्टकाकांची मान हळूच दाराकडे वळली.

"आणि थर्मास मी आणणार," काकू म्हणाल्या. "कप माझ्याच हातात राहील."